व्याह्यांची जांभळी कड

आमच्या व्याह्यांइतका गोलगोल फिरलेला आणि तरीही कुठंच न पोचलेला माणूस अख्ख्या आंबेगाव तालुक्यात सापडायचा नाही. ही निंदा नव्हे. त्यांच्या मागोमाग मीही पुष्कळ फिरलो आहे. साखर कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झालेली माणसं एक तर पारावर बसतात, नाही तर ग्रामपंचायतीला उभी राहतात. व्याही डिंभ्याच्या आपल्या घरी पडवीत एका वाळू भरलेल्या पिंपासमोर उभे राहिले, दुर्बीण करायला. पिंपावर एक काच पक्की बसवायची, तिच्यावर कुरुंदाच्या कठीण दगडाची ओली पूड, वर दुसरी काच, आणि ती पुढंमागं घाशीत पिंपाभोवती फिरायचं. असं महिनोन्‌महिने केलं की काचेचं भिंग होतं. माणसाचं काय होतं ते मी पाहतोच आहे. दुर्बीण विकत मिळते हे त्यांना ठाऊक आहे. "इकत तर भाकरबी मिळती," एवढंच ते म्हणतात.

लेकीच्या लग्नाची बोलणी करायला मी जुन्नरहून गेलो, तेव्हा मुलीच्या बापाला शोभेल असा पडेल चेहरा घेऊन गेलो होतो. त्यांनी चहाच्या आधी माझ्या हातात काच दिली. "बसून काय बोलायचं, पावणं? शंभर फेऱ्या मारू, तंवर बोलणं व्हतंय." मानपान, पंगत, आहेर, सगळं चालता चालता ठरलं. लेकीची सप्तपदी व्हायच्या आत बापाच्या प्रदक्षिणा झाल्या होत्या. भिंगाला पॉलिश चढवायच्या दिवसांत त्या घरात केर काढत नाहीत आणि फोडणी देत नाहीत, कारण धुळीचा एक कण म्हणजे एक ओरखडा. आमच्या लेकीला सासुरवास असा काही झाला नाही. फक्त वरण बिनफोडणीचं.

त्यांचं वैर एकाच गोष्टीशी, जांभळ्या कडेशी. एकट्या भिंगातून पाहिलं की चमकत्या वस्तूभोवती रंग फाकतात, म्हणून हलक्या काचेच्या भिंगाला जड काचेचं दुसरं भिंग जोडतात. तरीही जरा जांभळं उरतंच, असं मी एका पुस्तकात वाचून त्यांना सांगितलं. "त्या पुस्तकवाल्यानं किती फेऱ्या मारल्या?" त्यांनी विचारलं. पुस्तकात तेवढं दिलेलं नव्हतं. धरणाच्या पाण्यापलीकडं विजेचा खांब आहे. त्याच्या चिनी मातीच्या वाटीवर सकाळच्या उन्हाचा ठिपका चमकतो. त्यावर दुर्बीण लावायची, ठिपक्याला कड दिसली की भिंग पुन्हा पिंपावर. अशी किती वर्षं गेली ते विहीणबाईंना विचारावं. मला धीर होत नाही.

मधल्या काळात त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डॉक्टर म्हणाले, फार थांबू नका, आत नवं भिंग बसवू. "कुनी घासलंय ते?" व्याह्यांनी विचारलं. कंपनीत होतं, हे ऐकल्यावर उठून घरी आले. आधी माझं भिंग पुरं होऊ द्या, मग तुमचं, असा त्यांनी पण केला. पायऱ्या चुकायला लागल्या. एकदा चहात कुरुंदाची पूड पडता पडता राहिली. तेव्हापासून विहीणबाई साखरेचा डबा उशाशी घेऊन झोपतात.

मग गेल्या पौषात एका सकाळी फोन आला. "या पावणं. कड गेली." मी मिळेल त्या गाडीनं डिंभ्याला पोचलो, तर सरपंच शाल-नारळ घेऊन माझ्या आधी हजर. गावाचं नाव चंद्रावर नेल्याबद्दल ते दहा मिनिटं बोलले, मग दुर्बिणीला डोळा लावला आणि जन्मात पहिल्यांदा मुकाट खाली बसले. मी पाहिलं. ठिपक्याभोवती वांग्याच्या फुलासारखी जांभळी कड जागच्या जागी होती. लेकीनं पाहिलं आणि माझ्याकडं पाहिलं. पिकलेला मोतीबिंदू पिवळा असतो, जांभळं आत येऊच देत नाही. कड भिंगातून गेली नव्हती, व्याह्यांच्या डोळ्यांतून गेली होती.

विहीणबाई मला दारामागं घेऊन गेल्या. "गुरुजी, पाया पडते, काय बी बोलू नगा. उद्याची तारीख घेतलीया डॉक्टरची."

"दिसतीया का?" व्याह्यांनी बाहेरून विचारलं.

"नाही," मी म्हणालो. खोटं बोलू नये, असं मी पस्तीस वर्षं मुलांना शिकवत आलो होतो.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. पथ्याचे दिवस संपल्यावर मी गेलो, तेव्हा ते दुर्बिणीशीच बसले होते. उजव्या डोळ्यानं बराच वेळ पाहिलं, मग डाव्यानं. पुन्हा उजव्यानं.

"तुमाला दिसत व्हती," ते म्हणाले.

"हो."

"सरपंचालाबी?"

"हो."

"तरीच त्यो गप बसला."

विहीणबाई तांदूळ निवडत होत्या. निवडलेलेच पुन्हा निवडायला लागल्या. काही तरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, डाव्या डोळ्याची तारीख कधीची घ्यायची?

"ह्यो ऱ्हाऊ द्या, पावणं," ते म्हणाले. "ह्या डोळ्यात काम झाल्यालं हाये."

आम्ही पुष्कळ समजावून पाहिलं, नंतर दमलो. आता ते सकाळी उजव्या डोळ्यानं पाहतात आणि पिंपाला लागतात. पाय भरून आले की येऊन दुर्बिणीला डावा डोळा लावतात आणि चहा होईपर्यंत तसेच बसून राहतात. तेवढा वेळ त्यांच्या तोंडावर जे समाधान असतं, ते मी कुणा सत्कारमूर्तीच्या तोंडावरही पाहिलेलं नाही. मी गेलो की माझ्याही हातात काच येते, आणि मीही फिरतो. मला अजून मोतीबिंदू नाही. अलीकडं दमून जुन्नरला परतताना याचं थोडं वाईट वाटतं.