जीपभोवतीची फेरी

ती ओळ माझी होती. बारा वर्षं झाली, हे मी कुणाला सांगितलं नाही, घरातही नाही.

"भाडं पंधरा रुपये, नवस वेगळा."

सांगली-साताऱ्याकडच्या काही जणांना ती अजून आठवत असेल. आमच्याकडे केबलवर गाड्यांचा एक कार्यक्रम लागायचा, रविवारी सकाळी. काळा गॉगल लावून बोलणारा माझा मित्र लोकांना माहीत होता. त्याच्या तोंडून जे निघायचं ते लिहायचो मी. माझं नाव शेवटी पडद्यावरून सरकायचं, पण इतकं झरझर की आमच्या आईलाही ते कधी वाचता आलं नाही. मला चारचौघांत बोलायला जमत नाही. लग्नात पंगतीला बसलो तरी भात हवा असून हात पुढे करायला लाजतो. कागदावर मात्र जीभ सुटायची, आणि दुसऱ्याच्या तोंडून बोलायचं असलं की तिला हाडच राहत नसे.

नवीन गाडी आली की आम्ही ती चालवून दाखवायचो, पण लोक बघायचे ते टिंगलीसाठी. पुणेकरांचं पार्किंग, कोल्हापूरकरांचे हॉर्न, रिव्हर्स घेताना अर्धी गल्ली गोळा करणारे नवे मालक, कुणाला म्हणून सोडलं नाही. कुणी तक्रार केली तर आमचं उत्तर तयार असे, की हसवायचं तर कुणाला तरी टोचणारच. आता कबूल करतो, की ज्या शोरूमची जाहिरात मिळायची, त्यांच्या गाडीला आम्ही कधी टोचलं नाही. टोचायचो ते ज्याच्याकडे उलट बोलायला माईक नाही त्याला.

एकदा एक गाडी पसरणी घाटात चालवून बघायला मंडळी पाचगणीला गेली. मी सांगलीतच होतो, मी कधी जायचोच नाही. परतताना वाईच्या स्टँडजवळ कॅमेरावाल्याने वडापच्या जिपा टिपल्या. वडाप म्हणजे सीटा भरल्या की सुटणारी गाडी, वेळापत्रक वगैरे काही नाही. त्यात एक जीप बाई चालवत होती. तिशीची असेल. त्याने तिचं पाचएक मिनिटं चित्रण केलं आणि सांगितलं, की रविवारी टीव्हीवर दिसाल.

चित्रण एडिटिंगला आलं तेव्हा वाऱ्याने आवाज पार गेलेला होता. म्हणून आम्ही ते मुकंच बघितलं. ती बाई जीपभोवती सावकाश फिरत होती. प्रत्येक चाकापाशी थांबायची, वाकायची, हात लावायची. पूर्ण फेरी मारून पुढे आली, बॉनेटवर दोन्ही हात ठेवले आणि मग जाऊन स्टिअरिंगला बसली.

मी म्हणालो, "बाई प्रदक्षिणा घालतीय की रे."

एडिटिंगवाला एवढा हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. त्याने त्या फेरीखाली देवळातल्या घंटेचा आवाज टाकला. माझा चहा संपायच्या आत मी ती ओळ लिहून दिली.

रविवारी मित्राने ती अशी काही फेकली, की सोमवारी सगळ्यांच्या तोंडी तीच. मिरजेतल्या एका टेम्पोवाल्याने ती गाडीमागे रंगवून घेतली. इस्लामपूरच्या स्टँडवर दोन अनोळखी माणसं ती एकमेकांना ऐकवताना मी ऐकलं आणि मनातल्या मनात कॉलर ताठ केली. मग वाईच्या काही शिक्षिकांचं पत्र आलं. कष्ट करून पोट भरणाऱ्या बाईची अशी थट्टा करता, लाज वाटत नाही का, असं सरळ लिहिलं होतं. चॅनलचा मालक घाबरला. पुढच्या रविवारी मित्राने गॉगल काढून माफी मागितली. ती माफीसुद्धा मीच लिहिलेली होती. "कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास", असली. लोकांनी शिव्या घातल्या त्या त्याला. मी कॅमेऱ्यामागे उभा होतो, तिथेच राहिलो.

हे एवढंच असतं तर कदाचित विसरलोही असतो. पण वर्षाभराने घरच्यांना घेऊन पाचगणीला निघालो होतो. वाईत स्टँडपाशी गर्दीत आमची गाडी अडकली आणि शेजारी तीच जीप उभी. जीपच्या मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडलं, "बाई, आज नवस किती?" सगळी जीप हसली. तीही हसली, पण मान वर न करता. माझ्या बायकोने विचारलं, काय झालं हो? मी काही नाही म्हणालो आणि काच वर केली. ती काच वर करताना माझा हात मला दिसला होता. तो अजून दिसतो.

पुढे कार्यक्रम बंद पडला. मित्राने मिरजेत जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा धंदा टाकला, मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागलो. यंदा स्ट्रॉबेरीच्या दिवसांत तो तुकडा कुणीतरी मोबाईलवर टाकला आणि तो पुन्हा फिरायला लागला. त्यावरून चॅनलच्या जुन्या मालकाच्या मुलीचा फोन आला. तिला कार्यक्रम मोबाईलसाठी नव्याने करायचा होता. म्हणाली, काका, लिहाल ना? आणि तो वडापचा सीन परत करू, तीच बाई मिळाली तर भारीच. मी म्हटलं, तिला विचारावं लागेल. ती सहज म्हणाली, मग विचारा ना.

किती सोपं होतं. बारा वर्षांत मला सुचलं नव्हतं.

मी आधी मिरजेला गेलो. मित्राला म्हटलं, चल माझ्याबरोबर. तो एका गाडीची काच पुसत होता. पुसायचं न थांबवता म्हणाला, "मी मागितली की माफी एकदा. तुझ्या वाटचीबी मागितली. आता तू जा गड्या, तुझ्या तोंडानं."

त्याला हे बोलायला बारा वर्षं लागली असतील असं वाटलं नाही. मी विचारायला जाईपर्यंत तो थांबला होता, इतकंच.

वाईत चौकशी केली तर सगळ्यांना ती माहीत. आता वडाप नाही, पाचगणीच्या एका शाळेची गाडी चालवते, असं कळलं. घाटाच्या पायथ्याला त्यांचं गाव. दारात पिवळी गाडी उभी होती. अंगणात बाजेवर एक म्हातारे गृहस्थ बसलेले, भर दुपारी अंगात हिरवा मिलिटरी स्वेटर. ते तिचे सासरे. ती आतून आली, पाणी दिलं. मी कुठल्या कार्यक्रमातून आलो ते सांगितल्यावर तांब्या हातात तसाच ठेवून ती उंबऱ्यावर बसली.

म्हणाली, "लोक हसले त्याचं काय न्हाई, दादा. बाईमाणूस वडाप चालवाय लागली तवाच समद्यांचं हसून झालं हुतं."

मग तिने त्या रविवारचं सांगितलं. टीव्हीवर येणार म्हणून तिने गल्लीतल्या सगळ्यांना बोलावलं होतं, पोह्यांचं मोठं पातेलं केलं होतं. सासऱ्यांनी सकाळीच न्हाव्याकडून मिशा नीट करून घेतल्या होत्या. त्यांना सगळ्यात पुढे खुर्ची दिली होती, कारण गाडी त्यांनीच शिकवलेली. मिलिटरीत उभी हयात त्यांनी ट्रक चालवले, पार वर बर्फात. निवृत्त झाल्यावर जीप घेतली. गुडघे गेले, मुलाला गाडीची आवड नाही, तेव्हा सुनेला शिकवली. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. म्हणून घरात ती त्यांना मामंजी म्हणायची, पण जीपमध्ये बसली की उस्ताद. तो त्यांचा दोघांचा नेम होता.

आणि ती फेरी? फौजेत तिला फर्स्ट परेड म्हणतात. रोज गाडी हलवायच्या आधी तिच्याभोवती एक फेरी मारायची. चाकांतली हवा, नट, खाली तेल गळतंय का, मागच्या बत्त्या. शेवटी बॉनेट नीट बसलंय का ते दोन्ही हातांनी दाबून बघायचं.

मी ते हात जोडणं समजलो होतो.

"घंटा वाजली तशी समदी हसली. मीबी हसले, काय करनार. मामंजी उठलं, चप्पल घातली, भाईर गेलं. सांजच्याला आलं तवा म्हनलं, आजपासनं मला उस्ताद म्हनू नगंस. मामंजीच म्हन. तवापासनं मी परेड पहाटं करती, टॉर्च घिऊन. उजेडात न्हाई केली कवा."

मी म्हणालो, "ताई, ते मी लिहिलं होतं."

"त्यो गॉगलवाला बोलला न्हवं?"

"बोलला तो. लिहिलं मी."

तिने तांब्या खाली ठेवला. मला वाटलं आता उठून आत जाईल. तिने अंगणाकडे बोट केलं. "मग मला कशाला सांगता? त्यास्नी सांगा."

मी बाजेपाशी गेलो. उभ्या आयुष्यात जे कुणाच्या कानात सांगायला धजलो नव्हतो ते हळूच सांगायचं ठरवून गेलो होतो. पण म्हाताऱ्यांना कमी ऐकू यायचं.

"आबा, टीव्हीवरचा तो विनोद मी लिहिला होता."

"काय?"

"विनोद! नवसाचा! मी लिहिला होता!"

शेजारच्या अंगणात कुरडया वाळत घालणारी बाई थांबून बघायला लागली. समोरच्या घरातून एक जण दारात आला. अख्ख्या गल्लीला माझा गुन्हा कळला. विचित्र गोष्ट अशी, की ओरडून झाल्यावर मला श्वास नीट घेता यायला लागला.

आबांनी ऐकलं. रागावले नाहीत. फौजेतला साहेब चौकशी करतो तसं एकेक विचारत गेले. परेड बघितली होती का कधी? नाही. जीपमध्ये बसला होता? नाही. घाटात तरी गेला होता?

"नाही, आबा."

"मग लिवलं कशावरनं?"

खरं होतं ते सांगितलं. "चहा पिता पिता लिहिलं."

त्यांनी मान हलवली. मग माझ्या गाडीकडे बघत विचारलं, "निघताना हिच्याभवती फिरला हुता?"

त्यांनी काठी घेतली आणि उठले. मी सोबत करू लागलो तर हाताने मागे सारलं. गुडघ्यांमुळे एकेका चाकापाशी त्यांना वेळ लागत होता. काठीने टायर ठोकून ऐकायचे, वाकून खाली बघायचे. मला आत बसवून ब्रेक दाबायला लावला. डिकी उघडायला लावली, स्टेपनीवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. एवढं सगळं झाल्यावर काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्यासमोर उभे राहिले.

"स्टेपनीत हवा न्हाई. मागची एक बत्ती गेलीया. सांगलीपासनं हितवर आलासा." आणि चेहरा जराही न हलवता विचारलं, "नवस कुठल्या देवाला बोलला हुता?"

कुरडईवाली बाई पदर तोंडाला लावून हसली. समोरचा माणूस हसला. मला लागलं, आणि मीही हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. विनोद कुठवर जावा यावर तेव्हाही खूप वाद झाले होते, त्या पत्रानंतर मित्राशी मीही भांडलो होतो. त्या अंगणात मला एवढंच कळलं, की आबांचा विनोद माझ्यापेक्षा जास्त टोचणारा होता, पण तो करायच्या आधी ते माझ्या गाडीभोवती फिरले होते. मी फिरलो नव्हतो.

तेवढ्यात उंबऱ्यावरून तिचा आवाज आला. अगदी सहज, तोंडातून निसटल्यासारखा.

"उस्ताद, डाव्या अंगाचं मागलं चाक ऱ्हायलं."

आबा थांबले. मला वाटलं आता तिचा तो शब्द दुरुस्त करतील. त्यांनी काठी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली, गाडीमागून वळसा घातला आणि त्या चाकापाशी वाकले.

चहा झाल्यावर मी नव्या कार्यक्रमाचं विचारलं. जुना सीन नाही, परेडच दाखवू, आबांनी सांगायचं, तुम्ही करायची. आणि सुरुवातीला हे, की मागचं ते कुणी लिहिलं होतं. माझ्याच तोंडानं, मीच सांगेन. ती सासऱ्यांकडे बघून म्हणाली, आम्ही विचार करून सांगतो. मग तांब्या उचलता उचलता म्हणाली, "केलंच तर आवाज तेवढा ऱ्हाऊ द्या या टायमाला."

तीन वाजता तिला वर शाळेत पोरं आणायला जायचं होतं. मी वाईत स्टेपनीला हवा भरायची म्हणून निघालो, तशी तीही चावी घेऊन बाहेर आली. गल्लीतल्या बाया अजून आपापल्या दारात होत्या. आबा बाजेवर बसले होते, पण पाय जमिनीवर टेकवून, ताठ. तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं, साडीचा पदर खोचला आणि पिवळ्या गाडीच्या पुढच्या उजव्या चाकापासून सुरुवात केली.

तिच्या हातात टॉर्च नव्हती.