हुंगलेलं फूल

शोभनाकाकूंच्या बागेतलं फूल हुंगायची कुणाची छाती नव्हती. मे महिना संपत आला की बॉथेल या थंड अमेरिकन गावातली मराठी माणसं त्यांच्या पिओनीची फुलं बघायला यायची. वाफ्याशी हात मागे बांधून उभी राहायची. एखादा नवखा वाकायचा, नाक पुढे करायचा, की मागून काकूंचा आवाज यायचा.

"देवाची आहेत ती. उष्टी करू नका."

माणूस ओशाळून सरळ व्हायचा.

"वास अंगणभर आहेच की," काकू म्हणायच्या. "पांढरीला गुलाबाचा, त्या फिक्या गुलाबीला लिंबाच्या सालीचा. त्यासाठी नाक खुपसायला कशाला हवं?"

झाडं मोरेश्वरकाकांनी लावली होती. काका मूळचे सांगलीचे. हळद लावावी तसे त्यांनी पिओनीचे गड्डे चांगले खोल पुरले. दर वर्षी पाला यायचा, फूल काही येईना. काका म्हणाले, माती वाईट. शेवटी एका सप्टेंबरात काकूंनी पदर खोचला, सगळे गड्डे उकरून काढले आणि पुन्हा लावले. गड्ड्यावरचे लाल डोळे मातीखाली जेमतेम दोन बोटं राहतील, असे. थंडी डोळ्यांपर्यंत पोचली तरच कळी धरते, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. मग फुलं आली, बशीएवढी. पांढऱ्या फुलांत मधोमध लाल शिंतोडे, कुणी ओल्या कुंकवाचं बोट झटकल्यासारखे. काका गेले तोही मेच होता. काकूंनी त्यांच्या छातीवर तीच फुलं ठेवली.

त्यानंतर काकू त्या घरात एकट्या राहिल्या. मुलगा परीक्षित दूर दक्षिणेला, सनीव्हेलला. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि दर रविवारी तेच बोलणं व्हायचं.

"आई, इकडे ये ना. एकटी काय करतेस तिथे?"

"तुमच्याकडे थंडी कुठे पडते? पिओनी फुलायच्या नाहीत."

"फुलांसाठी राहणार तू?"

"मग कुणासाठी राहू?"

"ठीक आहे. पण काही झालं ना, तर मी विचारत बसणार नाही. बॅग भरून घेऊन येईन."

काकू हसायच्या. काही होणार नव्हतं.

फूल देवाला वाहण्याआधी काकूंनी जन्मात कधी हुंगलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी निर्माल्य उतरवताना मात्र त्या फूल नाकाशी धरायच्या. शिळ्या पिओनीलाही दरवळ असतो, थोडा दमलेला. तेवढा त्यांचा वाटा.

गेल्या मेमध्ये एका सकाळी त्यांनी निर्माल्य नाकाशी धरलं आणि वास आला नाही.

त्यांना वाटलं, झाडं म्हातारी झाली. त्यांनी खत घातलं. पावसाने कुजलेल्या काळ्या कळ्या खुडून टाकल्या. पुढचं फूल उमललं, त्यालाही वास नव्हता. तेव्हा त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली.

नुसती पिवळी पूड.

डबी हातात धरून त्या ओट्याशी उभ्या राहिल्या. त्यांना पद्मिनीताई आठवली. थोरली बहीण, पुण्याची. तिचंही आधी नाकच गेलं होतं. सगळे हसले होते, बरं झालं, कचऱ्याच्या गाडीचा त्रास नाही. मग तिचा हात थरथरायला लागला. कपबशी वाजायची आणि ती विचारायची, कोण वाजवतंय? शेवटी शेवटी ती शोभनाला आई म्हणायची.

काकूंनी डबी बंद केली. कुणाला काही सांगितलं नाही.

लपवणं सोपं होतं. दुधावरची तारीख वाचायची. गॅसवर काही ठेवलं की फोनवर टायमर लावायचा. पाहुणे आले की तेच वाक्य म्हणायचं, पांढरीला गुलाबाचा, गुलाबीला लिंबाच्या सालीचा. फुलाजवळ कुणी नाक नेतच नव्हतं, काकूंनी तरी का न्यावं? इतकी वर्षं लोकांना लावलेली शिस्त आता त्यांना झाकून घेत होती.

पकडलं ते निधीने. निधी शेजारच्या गल्लीतली, नागपूरची, लग्न होऊन नवीनच आलेली. दुपारची काकूंकडे चहाला यायची. यंदाच्या मेमधली पहिली फुलं काकूंनी आठवड्यापूर्वी काचेच्या बरणीत ठेवली होती.

"ये, ये," काकू म्हणाल्या. "बघ कसा घमघमाट सुटलाय."

निधी दारातच थांबली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग तिने बरणी उचलून मागच्या दाराने बाहेर नेली. बुळबुळीत झालेले देठ आणि हिरवट पाणी झुडपात ओतलं. परत येऊन तिने खिडकी उघडली.

"काकू, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"घरात मेलेल्या उंदरासारखा वास येतोय."

काकू खुर्चीत बसल्या.

"परीक्षितला बोलायचं नाही," त्या म्हणाल्या.

"तुमच्याकडे गॅस आहे, काकू."

"टायमर लावते मी."

"टायमरला वास येतो का?"

"पुरे झालं तुझं शहाणपण. लाँग वीकेंडला तो येतोय, आन्याला घेऊन. तेवढं होऊन जाऊ दे. मग डॉक्टरकडे जाऊ. तू ने मला."

निधीने मान हलवली. ती हो होती की नाही, ते काकूंना कळलं नाही.

परीक्षित आला. त्याची मुलगी आन्या सहा वर्षांची. सकाळी उठल्याबरोबर ती नाइटड्रेसवरच बागेत पळाली आणि एकेका फुलात तोंड खुपसत सुटली. गालाला पराग, केसांत मुंग्या.

"आन्या, नाही हं. ती देवाची," काकू दारातून म्हणाल्या.

"बट आजी, धिस वन इज लेमन! अँड धिस वन इज लाइक... लाइक यू."

त्यांनी तिला ओढून आत आणलं नाही. तिथेच उभं राहून ऐकत राहिल्या, कुठलं लेमन, कुठलं सोप, कुठलं नथिंग. इतक्या महिन्यांनी बाग पुन्हा त्यांच्यापर्यंत पोचत होती.

परीक्षित न्याहारीला बेगल आणायला बाहेर पडला. काकूंनी दूध मंद गॅसवर ठेवलं, टायमर लावला आणि फोन ओट्यावर ठेवला. तोवर आन्या आत आली. तिला कार्टून बघायचं होतं. तिने फोन उचलला आणि पुन्हा बागेत गेली.

काकूंनी आंघोळ केली, सोवळ्याचं पातळ नेसल्या. देवघर म्हणजे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातलं कपाट, शेगडी पाठीमागे. तबकात ताज्या पिओनी होत्या. देव पुसून झाले. गंध लावलं. निरांजनात तूप घातलं, वात सारखी केली. घर शांत होतं. इतकं शांत की त्यांना बरं वाटलं. त्यांनी काड्यापेटी उघडली आणि काडी काढली.

"आजी."

आन्या बागेच्या दारात उभी होती. तिने दोन बोटांत नाक धरलं होतं.

"इट स्मेल्स लाइक बॅड एग्ज इन हिअर."

काडी पेटीच्या कडेला टेकलेली होती. काकूंनी मान वळवली. दूध उतू जाऊन शेगडीभर पसरलं होतं. बटण उघडंच होतं. ज्योत नव्हती.

काडी त्यांनी हळूच खाली ठेवली, झोपलेलं मूल ठेवावं तशी. बटण बंद केलं. आन्याचा हात धरला आणि तिला वाफ्यांच्या पलीकडे, कुंपणापाशी नेऊन उभं केलं. मग परत येऊन सगळी दारं खिडक्या उघडल्या. फुलांचं तबक तेवढं बाहेर आणलं. का आणलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

परीक्षितची गाडी आली.

"काय झालं? सगळं सताड उघडं का?"

काकूंच्या तोंडात उत्तर तयार होतं. दूध करपलं रे, धूर झाला. एवढं म्हटलं की भागणार होतं. सप्टेंबर येणार होता, गड्डे विरळ करायचे होते, मग थंडी, मग पुन्हा मे. कुंपणापाशी आन्या अजून नाक धरून उभी होती.

काकूंनी तबकातली पांढरी पिओनी उचलली आणि मुलाच्या देखत नाकाशी नेली. पाकळ्यांत चेहरा बुडेपर्यंत. दीर्घ श्वास घेतला.

परीक्षितच्या हातातली पिशवी खाली गेली. लहानपणी फूल हुंगलं म्हणून त्याने मार खाल्ला होता.

"आई, तू फूल हुंगलंस?"

"वास येत नाही रे," काकू म्हणाल्या. "गेल्या वर्षापासून येत नाही. आत गॅस सुटला होता. मी निरांजन लावत होते."

त्याने विचारलं, "पद्मिनीमावशीसारखं?"

काकूंनी वाफ्याकडे पाहिलं. उमलायच्या कळ्या अजून पुष्कळ होत्या. कुठेतरी बारीक खुळखुळ ऐकू येत होती, सुकी, एकसारखी.

"काय वाजतंय?" त्यांनी विचारलं.

परीक्षित त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होता. काड्यापेटी अजून त्या मुठीत होती.