अर्ध्या माणसाची सावड

आईचा गुडघा सुजला, म्हणून त्या वर्षी तिच्या जागी सावडीला मी गेले. आमच्याकडे, गुंजवणे गावाच्या खालच्या अंगाला, भाताची लावणी अजून सावडीवरच उरकते. आज तुमच्या खाचरात आम्ही, उद्या आमच्या खाचरात तुम्ही. मजुरी कुणी कुणाला देत नाही. घरटी एक बाई आली की झालं.

मी तेव्हा चोविशीची. बारावी भोरला, पदवी पुण्याला, मग परीक्षांचे क्लास, मध्येच कॉम्प्युटरचा कोर्स. एक ना धड, भाराभर चिंध्या. शेवटी पुण्यातली खोली सोडून घरी आले. सकाळी उठायचे, चहा प्यायचे, मोबाईल बघायचे, जेवायचे. रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. वडील एकदा गोठ्यातून हात धुऊन आले आणि म्हणाले, "लावणी उरकली की सांग बाई. परत पुण्याला जाती, का हितंच ऱ्हाती, का स्थळं बघायची? म्या जबरदस्ती करत न्हाई." केली असती तर मी सुटले असते.

सावडीत कुणाची पाळी कधी, हे माझी थोरली चुलती ठरवते. पहिल्या दिवशी तिनं मला एकदा वरखाली पाहिलं आणि बायांना सांगितलं, "हिला अर्दं माणूस धरा. शिकतीया अजून."

नवशिक्या पोरींना तसंच धरतात, पण त्या शाळकरी असतात. अर्धं धरलं म्हणजे आमच्या खाचरात बायाही निम्म्याच येणार.

"आन् डिग्रीचं अर्दं?" एकीनं विचारलं.

"त्ये पुण्यातच ऱ्हायलं," दुसरी म्हणाली.

सगळ्या हसल्या. मीही हसले. तोंडाला तेवढी सवय होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाचराच्या एका पट्ट्यातली रोपं पाण्यावर तरंगत होती. माझी ओळ ओळखायला कुणाला विचारावं लागलं नाही. मी रोपं नुसती चिखलाला टेकवत गेले होते. चुलती रागावली नाही. "बोटं आत जाऊ दे," एवढंच म्हणाली. तो पट्टा मी एकटीनं पुन्हा लावला. मग रोज वाकायचं, रोपांची मूठ सोडायची, बोटं चिखलात, एक पाऊल मागं. कंबर बधिर व्हायची. मला ते बरं वाटायचं. बधिर असायला निदान एक कारण मिळालं होतं.

आमच्या खाचराची पाळी सगळ्यात शेवटी आली. निम्म्या बाया येतील म्हणून आईनं भाकरी बेतानंच थापल्या होत्या. आल्या सगळ्या. आई लंगडत पुन्हा चुलीपाशी गेली. मी चुलतीकडे पाहिलं, तर ती पदर खोचून केव्हाच खाचरात उतरली होती.

शेवटची मूठ लागली. आम्ही पाटाच्या पाण्यात पाय धूत होतो. वडील बांधावर उभे होते. चुलती सगळ्यांदेखत म्हणाली, "पुढल्या साली आईला बसू दे घरी. तूच ये. सबंद माणूस धरू तुला. येशील न्हवं?"

वर्षभरात इतक्या सरळ मला कुणी बोलावलं नव्हतं. क्लासवाल्यांनी नाही, नोकरीवाल्यांनी नाही. आनंद व्हायला हवा होता. सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या, आणि एवढ्या प्रेमानं विचारलेल्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून मी म्हणाले, "व्हय, येईन की."

वडिलांनी मान हलवली आणि रिकामी पाटी उचलून घराकडे निघाले. त्यांची चाल एकदम हलकी झाली होती. कितीतरी महिन्यांनी मला काहीतरी वाटलं, आणि ती भीती होती.

लावणी उरकली. वडिलांनी मला पुण्याचं पुन्हा काही विचारलं नाही.