सूत कातणारीची वाटी

वर्ल्डकपची तयारी चालली होती तेव्हा आखातातल्या सूक वाकिफ या जुन्या बाजारात एक इजिप्तची म्हातारी अळशीच्या झाडाचं सूत कातत बसायची. पुरुषांच्या त्या गल्लीत दुकान मांडणारी ती पहिलीच बाई. धागा ओढताना ती बोटं जिभेवर ओली करायची. पाहुणे येणार म्हणून बाजाराच्या मॅनेजरनं तिच्यापुढे बोटं भिजवायला पाण्याची वाटी ठेवली.

"थूक नहीं लगाने का, नहीं तो दुकान खलास."

तिनं मान डोलावली. तो वळताच वाटी शेजारी कातणं बघत बसलेल्या माझ्याकडे सरकवली. "पियो, गर्मी है."

मी लाजत प्यायले. ती पुन्हा बोटं चाटून कातायला लागली. मॅनेजर परत आला आणि रिकामी वाटी बघून खूश झाला.

तिनं माझी तहान ओळखली की मला कामाला लावलं, अजून कळत नाही. दुसऱ्या दिवशी मी घरून पाणी न पिताच तिच्याकडे निघाले.