सुकलेलं कापड

दामू गेल्याचा फोन त्याच्या सुनेने केला, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं निघालं ते, "आणि चित्राचं काय?" दामू पेंटर दहिवलीचा, माझा लहानपणापासूनचा मित्र. माझ्या बायकोचं चित्र तो काढणार होता. सुलोचना त्याच्या सव्वा वर्ष आधी गेली. तिला फोटोचा तिटकारा. घरात आहे तो आधार कार्डावरचा, त्यात ती मलाच ओळखू येत नाही. तिचा खरा चेहरा आम्हा दोघांच्याच डोक्यात होता, आणि मला साधी रेघ ओढता येत नाही. म्हणून दामूला म्हटलं, वर्षश्राद्धाला भिंतीवर पाहिजे.

दुकानात चित्राचं तयार कापड मिळतं. त्याला ते चालायचं नाही. त्याच्या गुरूची जुनी रीत. आमच्या पोशीरच्या घराच्या ओटीवर ऊन चांगलं, म्हणून इथेच चौकटीवर जाडं कापड ताणून खिळलं. आधी पातळ सरस फासला, नाहीतर रंगातलं तेल कापड खातं म्हणाला. मग जवसाच्या तेलात घोटलेल्या पांढऱ्या सफेद्याचा हात. सुकला की घासायचा, परत हात. सुलोचना होती तेव्हा त्याच्या घरी हे बघून चिडवायची, "भावजी, एवढ्यात माझं घर सारवून झालं असतं."

"वैनी, तुमचं सारवण आठ दिसांत उखडतं. माझं शंभर वर्षं टिकंल."

"शंभर वर्षांनी बघायला कोन हाय?"

पाऊस लागला, ओटीवरच्या कापडाची ओल काही जाईना. मी विचारायचो, "झालं का रं?"

"वरून सुकलंय, आतून नाय. आत्ता काढलं तर वैनीच्या तोंडाला भेगा पडतील. चालंल तुला?"

वर्षश्राद्ध रिकाम्या भिंतीसमोर झालं. नवरात्रात त्याने बोट दाबून बघितलं आणि म्हणाला, "झालं. दिवाळी उरकली की बसतो." दिवाळीआधीच झोपेत गेला.

मला त्याचा राग आहे. भेगा पडलेली का होईना, ती भिंतीवर असती. मुलगा म्हणतो, दुसऱ्याकडून काढून घेऊ. दुसऱ्याला मी काय सांगू? ती हसू दाबायची तेव्हा तोंड कसं व्हायचं, हे तोंडाने सांगता येतं का?

दामू सांगून गेलाय, हे कापड अंधारात पिवळं पडतं, उन्हात ठेवलं की परत पांढरं होतं. म्हणून रोज सकाळी ते अंगणात काढतो, ऊन उतरलं की आत घेतो. शेजारीण विचारते, "काका, कोऱ्या कापडाला कसलं ऊन दाखवता?" मी चौकट उन्हाकडे वळवतो. काल त्यावर तळहात टेकवून बघितला... आता कुठेच ओल नाही.