जिन्याखालचं टेबल

आमचे हे सोसायटीचे सेक्रेटरी झाले आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. आधी माणूस घरात निदान गप्प तरी बसायचा. आता जेवताना सुरक्षितता, आंघोळीहून आल्यावर सुरक्षितता. फाटकावर कॅमेरा बसला, दारादाराला जास्तीची कडी लागली आणि मग यांची नजर वळली जिन्याखाली, इस्त्रीवाल्या काकांकडे.

काका तिथे एकोणीस वर्षं उभे होते. एक टेबल, एक इस्त्री आणि नको तितक्या चौकशा. मलाही त्यांचा वैताग यायचा, खोटं कशाला बोलू? कपडे दाराशी ठेवून जा म्हटलं तर ठेवायचे नाहीत, हातातच द्यायचे. देताना विचारायचे, ताई, साहेबांचे चार दिवस शर्ट आले नाहीत, बाहेरगावी गेलेत का? कोण आजारी, कुणाचं घर बंद, सगळं त्यांना कपड्यांवरून कळायचं. गठ्ठ्यात अनोळखी शर्ट दिसला की पाहुणे किती दिवस राहणार, हा प्रश्न ठरलेला.

"बाहेरच्या माणसाला आपली एवढी माहिती असणं बरं नाही," हे मीटिंगमध्ये म्हणाले. सतरा घरांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, चारचौघांत नवऱ्याशी कुठे वाद घालायचा? महिनाअखेर जागा रिकामी करा, असं पत्र काकांना दिलं. काकांनी ते वाचलं, खिशात ठेवलं आणि यांचीच पँट इस्त्रीला घेतली.

पुढच्या मंगळवारी भर दुपारी फाटकात टेम्पो लागला. दोन माणसं दुसऱ्या मजल्यावरून फ्रीज उतरवत होती. बदली झाली, सामान हलवतोय, असं त्यांनी यांना सांगितलं. आमच्या सेक्रेटरींनी काय करावं? आपली स्कूटर बाजूला घेतली, फाटकाचं दुसरं दार उघडून टेम्पो आत घेऊ दिला आणि भिंतीचा रंग खरवडू नका अशी ताकीद दिली. पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांनी तर कपाटाला एका बाजूने हात लावला. मी गॅलरीतून बघत होते. मला वाटलं, असेल कुणाचं तरी सामान.

काका शेजारच्या इमारतीत कपडे पोचवून आले, तोवर निम्मं सामान टेम्पोत चढलं होतं. कुणाची बदली, त्यांनी विचारलं. दुसऱ्या मजल्यावरच्या साहेबांची, असं उत्तर आलं.

"तिथे साहेब नाहीत," काका म्हणाले. "काकू एकट्या राहतात. लेकीकडे गेल्यात, गुरुवारी येणार. त्यांचे पडदे माझ्याकडे आहेत."

एवढं बोलून त्यांनी टेबल ओढलं, फाटकात आडवं घातलं आणि तापलेली इस्त्री हातात घेऊन उभे राहिले.

यावर आमच्या ह्यांनी काय म्हणावं!

"पत्र दिलं म्हणून जाता जाता तमाशा करू नका. इथल्या माणसांशी तुमचा संबंध काय?"

तेवढ्यात ती दोन माणसं टेम्पो तिथेच टाकून मागच्या भिंतीवरून पळाली, तेव्हा कुठे यांना घाम फुटला.

मग पोलीस आले, पंचनामा झाला, काकूंचं सामान वर गेलं. त्या गडबडीत काकांनी प्रत्येकाचे कपडे ज्याच्या त्याच्या हातात दिले, टेबल डोक्यावर घेतलं आणि निघून गेले. माझ्याही हातात दिले. मी घेतले आणि पुन्हा पोलिसांचं बोलणं ऐकायला वळले.

दुसऱ्या दिवशी तातडीची मीटिंग झाली. काकांना परत बोलवायचं, एकमताने ठरलं. हे लगेच बोलवायला निघाले आणि जिन्यातच थांबले. जायचं कुठे? फोन नंबर कुणाकडेच नव्हता. मास्तर म्हणाले पुलापलीकडे राहत असतील, कुणी म्हणालं बाजारामागे. घरी बायको आहे का, मुलं आहेत का? सतरा घरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

कॅमेऱ्यात दिसलं, ते फाटकातून डावीकडे वळले. तेव्हापासून हे रोज संध्याकाळी डावीकडे जातात आणि इमारतींतून विचारत फिरतात, इथे एक इस्त्रीवाले राहतात का? काल एका फाटकावर यांना अडवलं. सांगितलं, इथे कोण राहतं ते आम्ही अनोळखी माणसाला सांगत नाही.

घरी आले ते चप्पल न काढताच खुर्चीवर बसून राहिले. एरवी मी यांना चांगलं फैलावर घेतलं असतं, पण बोलायला मला तरी तोंड कुठे होतं?