तोंड हसतंय, मी नाही

“तोंड हसतंय रे, मी नाही,” असं म्हणून गुरुजी उपरण्याचा बोळा दातांत धरायचे. तेव्हा, तीस सालानंतरच्या त्या दिवसांत, तुम्ही नाशकात रामकुंडावर गेला असाल तर पाहिलंही असेल. आमचे पाट शेजारी शेजारी. दशक्रियेचे मंत्र मला त्यांनीच शिकवले.

आधी त्यांचे पाय जड झाले, मग एक डोळा अंधुक झाला. एकदा सिन्नरकडची मंडळी बसली होती. पिंडावर पाणी सोडता सोडता गुरुजींना हसू फुटलं. डोळ्यांतून मात्र धारा.

“आमचा बा गेला, अन् तुम्ही हसता व्हय?” मुलगा ताडकन उठला. तेव्हापासून यजमान माझ्या पाटाकडे वळू लागले. मी नको म्हटलं नाही.

आम्हा घाटावरच्यांना निदानाला नाडी लागत नाही. कुणाचा तरी पिंड यांच्या हातून चुकला, तेच पितर मानगुटीवर बसलंय, असं ठरलं. त्र्यंबकला नारायण-नागबळी केला, तिथंही हसले. मुंबईत शिकलेले डॉक्टर म्हणाले, मेंदूतल्या तंतूंवरचं वेष्टण झिजतंय, विजेच्या तारेवरचं झिजावं तसं. हसण्यारडण्यावर ताबा राहत नाही. आम्ही माना डोलावल्या आणि घरी येऊन पुन्हा पितरच म्हणालो.

माझी आई जाताना म्हणाली, “माझं दहावं गुरुजींच्याच हातून कर. हसले तरी चालतील मला.”

मी हो म्हटलं. पण चार सोयऱ्यांत शोभा नको, म्हणून दुसऱ्या भटजींना बोलावलं. आईनं गुरुजींनाही सांगून ठेवलं होतं, ते मला ठाऊक नव्हतं. काठी टेकत, सोवळं नेसून ते घाटावर आले. पाटावर दुसरा माणूस बसलेला पाहिला.

“बरं केलंस. मला जमलंही नसतं,” ते म्हणाले, आणि हसायला लागले. ते रडणं होतं, हे तिथं फक्त मला कळत होतं. सोयऱ्यांनी त्यांना दंडाला धरून पायऱ्या चढवल्या. मी एक शब्द बोललो असतो तर थांबले असते. मी दर्भ सारखे करत बसलो.

त्यानंतर ते घाटावर आले नाहीत. वर्षाच्या आत गेले.

त्यांच्या दहाव्याला त्यांच्या भावाला मंत्र मी सांगितले. आवाज जराही हलला नाही. भाऊ निघताना म्हणाला, “गुरुजी असावेत तर असे.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.